पहिला खण आधी बांधा: लोखंडी शेड उभी करण्याची रीत

पूर्ण झालेली लोखंडी शेड सहजासहजी पडत नाही. पडते ती अर्धवट उभी असलेली. दोन फ्रेम उभ्या आहेत (दोन खांब, म्हणजे कॉलम, आणि त्यांवरची छपराची तिरकी तुळई, म्हणजे राफ्टर, मिळून एक फ्रेम), बोल्ट हाताने फिरवून ठेवलेत, ब्रेसिंगचे, म्हणजे तिरप्या आधारांचे, अँगल अजून ट्रकमध्येच आहेत, भाडं वाचवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, परत पाठवलाय आणि संध्याकाळी वारा सुटतो. इरेक्शनच्या, म्हणजे शेड उभी करण्याच्या, कामात हीच वेळ सगळ्यात वाईट. म्हणून या लिखाणात एका गोष्टीवर सगळ्यात जास्त भर आहे: पहिल्या दोन फ्रेमांमधला खण, म्हणजे साइटवर आपण ज्याला ‘बे’ म्हणतो तो, पूर्ण बांधून झाल्याशिवाय तिसऱ्या फ्रेमला हात लावायचा नाही.

उदाहरणासाठी नेहमीचं काम घेऊ. एमआयडीसीतल्या प्लॉटवर १५ मीटर रुंद, ३० मीटर लांब शेड. दर ६ मीटरवर एक फ्रेम, म्हणजे ६ फ्रेम, १२ कॉलम, ५ खण. वळचणीला उंची ६ मीटर, छपराचा उतार १० ला १. आकडे या शेडचे आहेत, रीत कुठल्याही शेडला लागू पडते.

आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या. फ्रेम तिच्या रुंदीच्या दिशेने ताठ असते, कारण कॉलम आणि राफ्टरचा कोपरा जाड प्लेट आणि बोल्टांनी घट्ट जोडलेला असतो. शेडच्या लांबीच्या दिशेने मात्र तिला काहीच धरून ठेवत नाही. पर्लिनी, म्हणजे फ्रेमांना लांबीत जोडणाऱ्या छपराच्या पट्ट्या, लावल्या की काम झालं असं वाटतं, पण तसं होत नाही. जुनी बाज सांध्यांतून सैल झाली की चारही पाय एकाच वेळी एका बाजूला कलतात, तशाच पर्लिनींनी जोडलेल्या सहाही फ्रेम एकदम कलतात. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. तो त्रिकोण ब्रेसिंगने होतो. भिंतीत उभं ब्रेसिंग आणि छपरात आडवं, दोन्ही लागतात. एक लावून दुसरं राहिलं तर खण बांधला गेला असं धरू नका.

फाउंडेशन बोल्ट: इथली चूक वर दुप्पट दिसते

प्रत्येक कॉलमला एम २४ चे, म्हणजे २४ मिमी जाडीचे, ४ बोल्ट, एकूण ४८. काँक्रीट ओतण्याआधी बोल्ट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नेमक्या जागी भोकं पाडलेल्या प्लेटमध्ये, बांधा. ६ मिमी प्लेटचे दोन टेम्प्लेट, एक वर आणि एक खाली, आणि प्रत्येक बोल्टला टेम्प्लेटच्या दोन्ही बाजूंनी नट. एकच टेम्प्लेट वर ठेवला तर व्हायब्रेटर फिरताच बोल्टांचे बुडखे फाकतात आणि वरून बरोबर दिसणारा बोल्ट तिरका उभा राहतो.

बोल्ट काँक्रीटच्या वर किती ठेवायचा याचा हिशोब असा: ग्राउटची (प्लेटखाली भरायच्या सिमेंटी मिश्रणाची) जागा ४० मिमी, बेसप्लेट (कॉलमच्या तळाची प्लेट) २० मिमी, जाड वॉशर ८ मिमी, दोन नट मिळून ४२ मिमी आणि बाहेर दोन आटे म्हणजे ६ मिमी. बेरीज ११६, म्हणून १२० मिमी ठेवा. कमी पडला तर वरचा लॉक नट बसत नाही आणि मग कोणीतरी बोल्टाला तुकडा वेल्ड करतो. तसं करू नका. आट्यांना ग्रीस लावून वर पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, नाहीतर काँक्रीटचे शिंतोडे आट्यांत बसतात आणि ते खरवडण्यात अर्धा दिवस जातो.

कॉलम साइटवर येण्याआधी मोजणी करा, आल्यावर नाही. लाइनदोरी ताणून सगळ्या बोल्टगटांचे मध्य तपासा. मग कर्ण मोजा. १५ बाय ३० च्या चौकोनाचा कर्ण ३३.५४ मीटर येतो आणि दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. एका गटातल्या बोल्टांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असला तर लगेच इंजिनिअरला सांगा. बोल्ट तापवून वाकवणं आणि गॅसकटरने बेसप्लेटचं भोक मोठं करणं हे दोन्ही उपाय साइटवर सर्रास होतात. ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, बोल्ट तापवला की त्याची ताकद जाते आणि ते बाहेरून दिसत नाही. भोक मोठं करायचंच असेल तर ते इंजिनिअरच्या लेखी होकाराने आणि वर जाड चौकोनी प्लेट वॉशर वेल्ड करून.

काँक्रीट पुरेसं पिकू द्या. आज दुकानात मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं आणि त्याला किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. ओपीसीला, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटला, ७ दिवस. फ्रेम कधी उभी करायची हे त्यानंतर इंजिनिअरने ठरवायचं.

वजन काढा, मग हूक लावा

‘साधारण अर्धा टन असेल’ यावर काम करू नका. प्लेटचं वजन काढणं अगदी सोपं आहे: एक चौरस मीटर प्लेट, दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो. आपल्या कॉलमचा वेब (मधली उभी प्लेट) ४०० बाय ६ मिमी आणि दोन फ्लँज (दोन्ही कडांच्या प्लेटा) १८० बाय १० मिमी. म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ २४०० अधिक ३६००, एकूण ६००० चौरस मिमी. एका मीटरला ४७ किलो. सहा मीटरचा कॉलम २८३ किलो, बेसप्लेट, टोकाची प्लेट आणि क्लीट (जोडणीचे छोटे तुकडे) धरून साडेतीनशेच्या आत. राफ्टरचा अर्धा भाग साडेसात मीटरचा. दोन्ही अर्धे जमिनीवर आढ्याशी जोडले की प्लेटा धरून ८०० किलोच्या आसपास.

आता स्लिंग, म्हणजे माल हुकाला बांधायचा दोर किंवा पट्टा. दोन पायांच्या स्लिंगने ८०० किलो उचलताना प्रत्येक पायावर ४०० किलो येतात हा समज चुकीचा आहे. दोन पायांत ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येकावर ४६२ किलो येतात. ९० अंशांना ५६६. १२० अंशांना पूर्ण ८००. क्रेनचा हात, म्हणजे बूम, पुरेसा वर जात नाही म्हणून आखूड स्लिंग लावली जाते, कोन फाकतो, आणि दोघांत वाटलं जायचं ते ओझं एकेका पायावर पूर्ण येतं. आपल्या राफ्टरला आढ्यापासून दोन्हीकडे अडीच मीटरवर स्लिंग बांधा. दोन बांधणीत अंतर ५ मीटर, प्रत्येक पाय ५ मीटर, कोन ६० अंश. त्यासाठी हूक राफ्टरच्या वर सव्वाचार मीटरहून थोडा जास्त लागतो, म्हणजे जमिनीपासून जवळपास ११ मीटर. हायड्राचा बूम तेवढा जातो का, आणि तेवढा लांबवल्यावर क्षमतेच्या चार्टप्रमाणे तो किती उचलतो, हे भाडं ठरवतानाच विचारा. ‘१२ टनी’ ही क्षमता बूम आखूड आणि माल अगदी जवळ असतानाची असते. बूम लांब करून, माल लोंबत ठेवून खडबडीत जमिनीवर हायड्रा चालवणं म्हणजे तो उलटवण्याची तयारी करणं. माल न्यायचाच असेल तर बूम आखूड ठेवा, माल गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवा आणि दोन्ही टोकांना दोरी धरून दोन माणसं चालवा.

स्लिंग रोज सकाळी बघा. तारदोराच्या तुटून बाहेर आलेल्या तारा, गाठीसारखा पीळ, चपटा झालेला भाग दिसला की तो बाजूला काढा आणि कापूनच टाका, नाहीतर दुपारी तोच परत वापरात येतो. पट्ट्याच्या स्लिंगला काठावर बारीक चीर दिसली तरी तेच. फ्लँजची कड सुरीसारखी असते. तिथे गोणपाटाच्या चार घड्या किंवा पाइप उभा चिरून त्याची अर्धी नळी ठेवा. स्लिंग कापली जाते ती बहुतेक वेळा याच कडेवर, आणि माल वर गेल्यावर.

इशारा देणारा एकच माणूस. तो कोण हे ऑपरेटरला कामाआधी दाखवून द्या. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो आणि कोणीही म्हटलं तरी थांबायचं. जवळून महावितरणची लाइन जात असेल तर बूम, माल, टॅगदोरी (माल सावरायची दोरी) यांपैकी काहीही तीन मीटरांच्या आत जाता कामा नये. तेवढी जागा नसेल तर अर्ज करून शटडाउन घ्या.

पहिला खण

सुरुवात शेवटच्या भिंतीपासून करायची असा कुठे नियम नाही. ड्रॉइंगवर ज्या खणात ब्रेसिंग दाखवलंय तिथून सुरुवात करा. तो दुसरा खण असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेमपासून. चार कॉलमचे खालचे नट, म्हणजे ज्यांवर बेसप्लेट टेकते ते, आधी एका पातळीत आणा. लेव्हल पाइप वापरत असाल तर पाण्यात बुडबुडा राहिलेला नाही हे बघा, एवढ्याशा हवेने दहा मिमीचा फरक पडतो.

कॉलम वरच्या टोकाजवळ बांधून उचला, म्हणजे तो उभाच लोंबतो. बोल्टांवर हळू उतरवा. चारही नट आणि वॉशर बसवा आणि पान्याने घट्ट करा. मग तणावे. तारदोराला टर्नबकल (फिरवून दोर ताणायचा स्क्रू) लावून, जमिनीशी साधारण ४५ अंशांत, चार दिशांना. तणाव्याचं खालचं टोक शेजारच्या पेडेस्टलला (कॉलमखालच्या काँक्रीटच्या बुंध्याला) किंवा मोठ्या काँक्रीट ठोकळ्याला बांधा. उभ्या ट्रॅक्टरला किंवा पहारीला बांधलेला तणावा तणावा नव्हे. तारदोराच्या क्लिपा उलट्या बसवण्याची चूक फार होते: क्लिपचं खोगीर ताण असलेल्या दोरावर बसतं आणि यू बोल्ट सुट्या टोकावर. १० ते १२ मिमीच्या दोराला तीन क्लिपा लावा, आणि दोर एकदा ताणला की त्या पुन्हा घट्ट करा. तणावे लागल्यावरच हूक सोडायचा.

चारही कॉलम उभे झाले की लगेच भिंतीचं ब्रेसिंग दोन्ही बाजूंना लावा. राफ्टर चढवण्याआधी. हे करायला तासभर जास्त जातो म्हणून लोक टाळतात, आणि मग राफ्टर कॉलमला टेकवताना कॉलम हलतो.

आता पहिला राफ्टर. जमिनीवरच आढ्याचे बोल्ट पूर्ण घट्ट करून तो जोडलेला असावा. दोन्ही टोकांना टॅगदोरी बांधा. गुडघ्याच्या सांध्याशी, म्हणजे कॉलम आणि राफ्टर मिळतात तिथे, दोन्हीकडे मचाणावर दोन-दोन माणसं. भोकं जुळवायला निमुळत्या दांडीचा पाना किंवा ड्रिफ्ट पिन वापरा, बोट घालून भोक बघू नका. बोट असंच जातं. आठही बोल्ट घालून घट्ट झाले, आढ्याला लांबीच्या दोन्ही दिशांना तणावे लागले, की मगच हूक सोडा.

दुसरा राफ्टर चढवल्यावर हूक तसाच ठेवा. आधी पहिल्या राफ्टरशी जोडणाऱ्या पाच पर्लिनी लावा: दोन वळचणींना, एक आढ्याजवळ आणि प्रत्येक पाख्याच्या मध्याला एक. मग छपराचं ब्रेसिंग. आता हूक सोडा. चार कॉलम, दोन राफ्टर, भिंतीतलं आणि छपरातलं ब्रेसिंग मिळून हा एक खोका झाला. हा खोका ओळंब्यात आणून त्याचे सगळे बोल्ट घट्ट केले की पुढची प्रत्येक फ्रेम त्याला पर्लिनींनी टेकवत न्यायची.

पुढच्या फ्रेमांचा एकच नियम: दिवस संपताना एकही फ्रेम एकटी उभी राहता कामा नये. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात, विदर्भात आणि देशावर वळवाचं वादळ दुपारी तीन-चारनंतर येतं, आणि येतं तेव्हा दहा मिनिटांची सूचनाही मिळत नाही. त्या दिवसांत दुपारी दोननंतर नवी फ्रेम उचलायला घेऊ नका. पर्लिनी, सॅग रॉड (पर्लिनींना मधे धरणाऱ्या सळया), बोल्ट घट्ट करणं ही कामं दुपारसाठी ठेवा.

ओळंबा

कॉलम दोन बाजूंनी बघायचा, फ्लँजकडून आणि वेबकडून. वरच्या टोकाला १०० मिमीचा लाकडी ठोकळा बांधून त्यावरून ओळंबा सोडा. वाऱ्याने तो झुलत राहतो, म्हणून खाली पाण्याची किंवा जुन्या ऑइलची बादली ठेवून लंबक त्यात बुडवा, झुलणं लगेच थांबतं. खाली फ्लँजपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. १०० आलं तर कॉलम सरळ. ६ मीटर उंचीला ६ मिमीपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे उंचीचा हजारावा भाग. तेवढ्यात यायलाच हवा.

मोजणी सकाळी करा. मे महिन्यात दुपारी उन्हाकडचा फ्लँज तापून लांबतो आणि कॉलम सावलीच्या बाजूला वाकलेला दिसतो. लांबीतही फरक पडतो: ३० मीटर लोखंड २० अंशांनी तापलं की ७ मिमी वाढतं. सकाळी एक फ्रेम आणि दुपारी दुसरी अशी ओळंब्यात आणली तर दोन्ही बरोबर दिसतात आणि मधली पर्लिन बसत नाही. तिथे पर्लिनीचं भोक कापू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.

बोल्ट

एम २० चा ४.६ आणि एम २० चा ८.८ हातात घेतल्यावर सारखेच वाटतात. एकाची ताकद दर चौरस मिमीला ४०० न्यूटन, दुसऱ्याची ८००. डोक्यावरचा आकडा वाचा. दोन्ही बोल्ट साइटवर एकाच पोत्यात ठेवले की चूक होणारच. डबे वेगळे, रंग वेगळा. ८.८ च्या बोल्टाला नटही ८ ग्रेडचाच. जो भाग फिरवतो त्याखाली वॉशर.

गुडघ्याचे आठ बोल्ट एकेक करून पूर्ण घट्ट करू नका. मधून बाहेर जात सगळे आधी बसवून घ्या, दोन प्लेटा पूर्ण टेकल्या का बघा, मग दुसरी फेरी ड्रॉइंगवर सांगितल्याप्रमाणे. शेवटी नट, बोल्ट आणि प्लेट यांवर पेंटमार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढे कुठला नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. नटाबाहेर दोन आटे दिसायला हवेत. प्लेटांत फट राहिली तर बोल्टाच्या जोरावर ओढून ती मिटवू नका, शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घाला. भोक जुळत नसेल तर रीमर, म्हणजे भोक गोल वाढवायचं हत्यार, लावा. गॅसने कापलेलं भोक वाकडं होतं, बोल्ट एकाच कडेला टेकतो आणि सगळा भार त्याच्या शेजाऱ्यावर जातो.

माणूस वर असताना

हार्नेस पूर्ण अंगाचा आणि दोन दोऱ्यांचा. एक दोरी सोडण्याआधी दुसरी अडकवायची, म्हणजे माणूस कधीच सुटा नसतो. पण हार्नेस घातलाय एवढ्याने भागत नाही, तो कुठे अडकवलाय ते बघा. १.८ मीटरची दोरी, शॉक अॅब्झॉर्बर उघडून वाढणारी जवळपास १.७५ मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर मोकळी जागा. बेरीज सहा मीटर, अडकवलेल्या जागेपासून खाली. आपली वळचण सहा मीटरवर आहे. राफ्टरवर उभं राहून पायाशी दोरी अडकवली तर ती माणसाला जमिनीपर्यंत जाऊ देते. दोरी डोक्याच्या वर अडकवा, नाहीतर आखूड किंवा आपोआप गुंडाळणारी दोरी वापरा. वळचणीचं काम शक्यतो मचाणावरूनच.

पहाटेच्या दवाने रंगवलेला फ्लँज निसरडा होतो, दुपारी तोच हात भाजतो. पाना, ड्रिफ्ट पिन, हातोडी मनगटाला किंवा पट्ट्याला दोरीने बांधलेली असू द्या, आणि खाली दोरी लावून जागा बंद करा. हा धंदा शिकणाऱ्या मुलांनी एक कागद सांभाळावा: वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. १८ ते ६० वयातल्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी त्यावर होते.

ग्राउट आणि तणावे

सगळ्या फ्रेम ओळंब्यात आल्या, ब्रेसिंग आणि फाउंडेशनचे नट घट्ट झाले, की मग बेसप्लेटखाली ग्राउट. आधी भरला तर नंतर कॉलम हलवता येत नाही. न आकसणारं ग्राउट पोत्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पातळ केलेलं लवकर पसरतं पण वर पाणी सुटतं आणि प्लेटखाली पोकळी राहते. आधी पेडेस्टल ओला करून वरचं पाणी पुसून घ्या. एकाच बाजूने ओता, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. दोन्ही बाजूंनी ओतलं तर मधे हवा अडकते. पेडेस्टलवर ओलं गोणपाट टाकून ठेवा.

तणावे सगळ्यात शेवटी काढायचे, ग्राउट कडक झाल्यावर आणि सगळ्या पर्लिनी लागल्यावर. शेवटच्या फ्रेमपासून सुरुवात करून ब्रेसिंगच्या खणाकडे या, एका वेळी एकच तणावा सोडा, आणि प्रत्येक सोडल्यावर त्या कॉलमचा ओळंबा पुन्हा बघा. ओळंबा हलला तर तो तणावा परत ताणा आणि त्या खणातला सुटलेला बोल्ट शोधा, कारण कुठेतरी तो आहेच.